इंग्लंडांतील सरकारी विनोदी लघुपट : एक उपेक्षित साधन

ऐतिहासिक साधनांची प्रतवारी लावूं लागलों म्हणजे सनदा, महजर, निवाडे, पत्रें व हिशेबाच्या वह्या यांस आपण अग्रपूजेचा मान देतों, आणि हस्तपत्रकें, आमंत्रणें, जाहिराती असल्या वस्तु बासनाच्या तळाशीं जातात. कै. राजवाडे यांनीं दफ्तरांतील चिटोऱ्यांचीहि उपेक्षा केली नाहीं हें आपण भाषणांतून सांगतों खरें. परंतु साधन जितकें गंभीर तितकें तें विश्वसनीय, असा एक अलिखित नियम आपल्या संग्राहकांत रूढ आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या नियमाच्या अगदीं उलट टोकाचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत व त्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत ब्रिटिश सरकारनें आपल्या लोकांस 'शिंकतांना रुमाल वापरा', 'स्नानास पाणी थोडें घ्या', 'नवा कायदा समजून घ्या' अशा गोष्टी हसवीत हसवीत सांगण्याकरितां एक-दोन मिनिटांपासून दहा-बारा मिनिटांपर्यंतचे लघुपट काढले. साधन या नात्यानें त्यांचें मोल काय, हें येथें पाहावयाचें आहे. मंडळाच्या एका बैठकींत आम्हीं हा विषय काढला तेव्हां एका ज्येष्ठ स्नेह्यांनीं, "हें संशोधन नव्हे, हा पेन्शनरांचा विरंगुळा," असा शेरा मारला. शेरा लागला, म्हणूनच लेख लिहिण्याचें मनावर घेतलें.

हे लघुपट आम्हीं चित्रगृहांत पाहिलेले नाहींत. आमचा जन्मच त्यानंतरचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानें व ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें त्यांतील पुष्कळ लघुपट संगणकावर पाहण्यास खुले केले. नातवानें लावून द्यावें आणि पोथी लावावी तसें आम्हीं थांबवून थांबवून टिपण करावें, असा क्रम चार महिने चालला. दोन मिनिटांच्या चित्राचें टिपण आठ पानें भरलें, हें सांगितलें तर वाचक हंसतील. पण एका पानाच्या पत्रावर आपण कितीदां वीस पानें लिहितों!

इंग्लंडांत युद्धाबरोबरच १९३९ सालीं माहिती मंत्रालय स्थापन झालें आणि त्याचें पहिलें पाऊलच चुकलें. त्यानें भिंतींवर जें मोठें पत्रक लावलें त्याचा आशय असा कीं, तुमचें धैर्य, तुमची प्रसन्नता व तुमचा निश्चय यांच्या बळावर आम्हांस विजय मिळेल. हें वाचून लोक चिडले. धैर्य आमचें आणि विजय तुमचा काय, असें ते विचारूं लागले. येथें व्याकरणाच्या जुन्या शिक्षकास थोडें थांबावेंसें वाटतें. इंग्रजींत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच. ऐकणारा त्यांत आहे कीं नाहीं तें त्या शब्दावरून कळत नाहीं. मराठींत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत, आणि पत्रक मराठींत लिहावयाचें असतें तर लेखकास 'आम्हांस' कीं 'आपणांस' याचा निवाडा लेखणी टेंकण्यापूर्वींच करावा लागला असता. इंग्रज लेखकाच्या मनांत बहुधा 'आपणांस' असेल. वाचकांनीं मात्र 'आम्हांस' असेंच वाचलें, कारण वरून खालीं बोलणाऱ्याच्या तोंडीं 'आपण' शोभत नाहीं, हें ऐकणारा बरोबर ओळखतो. (हा लेखहि आम्ही 'आम्ही' या शब्दानेंच लिहीत आहों हें ध्यानांत आहे; मास्तरकीची संवय एकदम सुटत नाहीं.)

दुसरा प्रयत्न विनोदाचा झाला आणि तोहि फसला. आमच्या विषयाच्या दृष्टीनें हा फसलेला विनोदच अधिक महत्त्वाचा. जुलै १९४० मध्यें, फ्रान्स पडल्यावर, अफवा पसरूं नयेत म्हणून मंत्रालयानें 'सायलेंट कॉलम' या नांवाची मोहीम काढली. तींत बडबड्या लोकांचीं व्यंगपात्रें कल्पिलीं होतीं. एक 'मिस लीकी माउथ', म्हणजे तोंडास गळती लागलेल्या बाई. एक 'मिस्टर नो-ऑल', म्हणजे सर्वज्ञ गृहस्थ. आणि असेच आणखी कांहीं. हेतु वाईट नव्हता. परंतु त्याच सुमारास निराशेचें बोलणाऱ्या सामान्य लोकांवर न्यायालयांत खटले होऊन शिक्षाहि होत होत्या. तेव्हां सरकार हंसवीत आहे कीं धमकावीत आहे, हें लोकांस समजेना. शेजाऱ्याच्या चहाच्या टेबलावरचें बोलणें सरकारनें ऐकावें आणि त्याची नक्कल करून दाखवावी, हें कोणास रुचणार? महिना संपण्यापूर्वींच पंतप्रधान चर्चिल यांस पार्लमेंटांत ही मोहीम गुंडाळल्याचें सांगावें लागलें. राजा प्रजेस हंसला कीं प्रजा हंसत नाहीं, याचा इतका चोख व दिनांकित पुरावा आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

मम्मटभट्टानें उपदेशाचे तीन प्रकार मानले आहेत हें आपल्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. वेदादि शास्त्रें स्वामीसारखी आज्ञा करितात, तो प्रभुसंमित. पुराणेतिहास मित्रासारखें समजावितात, तो सुहृत्संमित. आणि काव्य कांतेप्रमाणें रसानें वश करून सांगतें, तो कांतासंमित. सरकारचा उपदेश स्वभावतः पहिल्या प्रकारचा. तो दुसऱ्या, क्वचित् तिसऱ्या प्रकाराकडे कसा व कां वळला, हें या लघुपटांत पाहावयास मिळतें. आणि तें 'कां' कळण्यासाठीं ते कोठें दाखविले जात हें आधीं पाहिलें पाहिजे.

१९४० सालीं मंत्रालयानें चित्रगृहांच्या मालकांशीं करार केला. त्याप्रमाणें आठवड्यास एक पांच मिनिटांचा सरकारी लघुपट मालकांनीं विनामूल्य दाखवावयाचा होता. १९४२ पासून त्याऐवजीं महिन्यास एक पंधरा मिनिटांचा लघुपट आला, आणि अगदीं लहान, मिनिट-दोन मिनिटांचे तुकडे वेगळे दाखविले जात. प्रेक्षक आपल्या पदरचे पैसे खर्चून करमणुकीस आलेला. मालक सद्भावानें जागा देणारा. अशा ठिकाणीं आज्ञा चालत नाहीं. १९४६ या एका वर्षांत ब्रिटिश चित्रगृहांतून सुमारें १६३ कोटी तिकिटें खपलीं, यावरून या व्यासपीठाचा आवांका लक्षांत येईल. म्हणून मंत्रालयानें प्रसिद्ध विनोदी नटांस पाचारण केलें. १९४२ च्या 'द नोज हॅज इट' मध्यें आर्थर आस्की याजकडून शिंकेचें व्याख्यान देवविलें, तें हौसेनें पाहिलें जात असावें. पण तो नट सर्वांच्या ओळखीचा असल्यामुळें चित्रांत शिंक गौण व नट प्रधान होतो. याहून वेगळा मार्ग काढला तो एका डॉक्टरानें.

त्याचें नांव रिचर्ड मॅसिंगहॅम. जन्म १८९८, मृत्यु १९५३. लंडनच्या ताप-रुग्णालयांत तो वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी होता. चित्रपटाची विद्या त्यास कोणीं शिकविली नव्हती; हौस म्हणून त्यानें १९३४ च्या सुमारास 'टेल मी इफ इट हर्ट्स' हें दंतवैद्याकडे जाणाऱ्या भित्र्या मनुष्याचें चित्र काढलें, व १९३६ सालीं 'अँड सो टू वर्क' हें सकाळीं उठून कामावर जाण्याच्या यातनांचें. पुढें वैद्यकी सोडून त्यानें 'पब्लिक रिलेशनशिप फिल्म्स' ही संस्था काढली आणि सरकारी लघुपटांत तो स्वतःच नट म्हणून उतरला. शरीर स्थूल, मुद्रा त्रासलेली पण सोशीक, पोशाख साध्या कारकुनाचा. हास्याच्या विभावांत भरतानें विकृत आकार, विकृत वेष, विकृत वाणी यांची गणना केली आहे. मॅसिंगहॅमच्या ठायीं यांतील कांहींच नाहीं. त्याच्यापुढें एखादी क्षुद्र वस्तु येते, नळ, साबण, रुमाल, आणि तिच्याशीं व्यवहार करतांना त्याची जी तारांबळ उडते तेंच हास्य. भरतमुनींच्या यादींत आम्ही मोठ्या अदबीनें या एका विभावाची भर घालूं इच्छितों.

'द फाइव्ह-इंच बादर' (१९४२) हें चित्र घ्या. युद्धांत कोळसा वांचविण्याकरितां स्नानास पांच इंचांहून अधिक पाणी घेऊं नये असा सरकारचा आग्रह होता. आमच्याकडे बादलीभर पाण्यावर ज्यांचें स्नान झालें त्यांस यांत अडचण ती काय, असें वाटेल. परंतु लांबट टबांत आकंठ बुडून पडण्याची ज्यांस पिढीजात संवय, त्यांस पांच इंच म्हणजे उपहासच. तो उपहास मॅसिंगहॅम आपल्या अवजड देहानें प्रत्यक्ष करून दाखवितो, आणि तेवढ्या पाण्यांतहि स्नान होतें हें सिद्ध करितो. पाण्याची कपात जाचक आहे हें चित्र नाकारीत नाहीं. उलट जाच किती आहे तो अंगावर घेऊन दाखवितें. याच वर्षीं अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट बकिंगहॅम राजवाड्यांत पाहुण्या म्हणून राहिल्या असतां, तेथील टबांतहि पाण्याच्या मर्यादेची रेघ आंखलेली त्यांस आढळली व त्यांनीं तशी नोंद केली. राजापासून कारकुनापर्यंत एकच रेघ असल्यावर विनोदास बळ येतें.

'कफ्स अँड स्नीझेस' हें १९४५ चें चित्र दीड मिनिटांच्या आसपास संपतें. लोकांच्या खोड्या काढणारे गमत्ये जगांत पुष्कळ असतात असें निवेदक आरंभीं सांगतो. मग रुमाल न धरतां शिंकणारा मॅसिंगहॅम येतो, आणि हा मात्र गमत्या नसून उपद्रवी आहे असें ठरवून निवेदक त्यास दरडावून बोलावितो व रुमाल नाकापर्यंत नेण्याची कवाईत त्याजकडून करवून घेतो. विषय तोच, १९४२ पासून एच. एम्. बेटमन या व्यंगचित्रकाराच्या पत्रकांनीं भिंतोभिंतीं सांगितलेला. पण येथें एक बारकावा आहे. शिंकणारा गुन्हेगार जो दाखविला तो स्वतः संसर्गजन्य रोगांचा तज्ज्ञ डॉक्टर! ज्यानें शिकवावयाचें तोच चुकणाऱ्याच्या जागीं उभा राहिला. 'मिस लीकी माउथ' मध्यें सरकार प्रजेकडे बोट दाखवीत होतें. येथें तें आरशांत पाहत आहे. 'आम्ही' चें 'आपण' झालें तें या ठिकाणीं. आम्ही स्वतः छत्तीस वर्षें वर्गावर उभे होतों. मुलाच्या अशुद्ध उच्चाराची नक्कल केली कीं वर्ग हंसे आणि तें मूल पुढें वर्षभर तोंड उघडीत नसे, हें फार उशिरां कळलें. स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगितली म्हणजे तोच धडा सर्वांस पाठ होई.

राजकीय उपदेशांत टब, शिंक आणि रुमाल यावेत यांत आपल्या वाचकांस नवल वाटूं नये. चिपळूणच्या छावणींतील लष्करी अंमलदारांस शिवछत्रपतींनीं लिहिलेल्या पत्रांत दिव्याची जळती वात नेणारा उंदीर आहे, आणि त्या उंदरामुळें पत्राचें मोल कमी झालेलें नाहीं.

एक गोष्ट मात्र न्यायानें सांगितली पाहिजे. हास्यानें सत्ता नाहींशी होत नाहीं. शिधावाटप कायद्यानें चाले. जुलै १९४६ मध्यें, युद्धांत कधीं झालें नव्हतें तें पावाचेंहि शिधावाटप सुरू झालें, आणि मांसावरील नियंत्रण उठण्यास १९५४ उजाडावें लागलें. आणि तेंच ब्रिटिश सरकार दुसरीकडे कसें वागे याचा पडताळा आपल्याजवळच आहे. मुंबईंत १९४० सालीं फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झालें. त्यावर प्रथम अलेक्झांडर शॉ हा इंग्रज माहितीपटकार व नंतर आपले व्ही. शांताराम यांनीं काम केलें. १९४३ सालीं 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही संस्था आली आणि भारत संरक्षण नियमान्वयें तिचे लघुपट दाखविणें प्रत्येक चित्रगृहास सक्तीचें झालें. युद्ध एक, राजा एक; लंडनमध्यें मालकाशीं करार आणि मुंबईंत मालकास हुकूम. तेथें सुहृत्संमित, येथें प्रभुसंमित. प्रेक्षकास उठून जातां येत नाहीं असें ठरल्यावर त्यास हंसविण्याची गरज तरी काय उरते? मॅसिंगहॅमसारखा स्वतःच्या फजितीनें शिकविणारा सरकारी डॉक्टर आपल्याकडे कां निपजला नाहीं याचें कारण आम्ही विनोदबुद्धीच्या अभावांत न शोधतां त्या नियमांत शोधूं. ती संस्था १९४६ सालीं बंद झाली. १९४८ सालीं मुंबईंतच फिल्म्स डिव्हिजन उभें राहिलें, आणि सक्तीची प्रथा स्वतंत्र सरकारानेंहि चालविली.

युद्धानंतर माहिती मंत्रालय मोडून १ एप्रिल १९४६ रोजीं 'सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन' सुरू झालें. ॲटली यांच्या मजूर सरकारानें कायद्यांचा धडाका लाविला होता: नव्या नगरांचा कायदा, राष्ट्रीय विमा, आणि ५ जुलै १९४८ पासून सर्वांस मोफत वैद्यकी. हे कायदे समजावून देण्यासाठीं जॉन हालास व जॉय बॅचलर या दांपत्याकडून 'चार्ली' नांवाच्या पात्राचे रंगीत व्यंगचित्रपट करविले गेले. हालास जन्मानें हंगेरीचा. 'न्यू टाऊन', 'युवर व्हेरी गुड हेल्थ', 'चार्लीज मार्च ऑफ टाइम', 'रॉबिन्सन चार्ली' हे त्यांतील कांहीं, १९४८-४९ चे. चार्ली हा सामान्य, किंचित् कुरकुऱ्या गृहस्थ. तो सायकलवर चाललेला असतो. पडद्याआडचा निवेदक त्यास म्हणतो, समज तूं पडलास तर? आणि चार्ली त्याच्याशीं वाद घालतो.

ही रचना आपल्या शास्त्रग्रंथांची आहे: चार्ली पूर्वपक्ष, निवेदक सिद्धांत. नवा कर कशाला, मला काय त्याचें, पूर्वीं चाललें होतेंच कीं, असे आक्षेप चार्लीच्या तोंडीं घातलेले आहेत, आणि १९४८ सालीं सरकारास कोणत्या आक्षेपांची धास्ती होती हें त्यांवरून एकत्र समजतें. पण साधन वापरणाऱ्यानें सावध असावें. पूर्वपक्ष लिहिणारा सिद्धांतीच असतो. चार्ली कधीं जिंकत नाहीं. ज्या आक्षेपास उत्तर नव्हतें तो त्याच्या तोंडीं घातलाच नसणार. मॅसिंगहॅमच्या चित्रांपेक्षां हीं चित्रें देखणीं व चतुर आहेत. आम्हांस तीं थोडीं कमी आवडलीं.

या सर्वांत धाडसी लघुपट 'व्हॉट अ लाइफ' हा होय, साल १९४८. दिग्दर्शन मायकेल लॉ याचें, निर्मिति मॅसिंगहॅमची. टंचाई, रांगा, कर आणि निराशा यांनीं गांजलेले दोन मध्यमवयीन गृहस्थ, एक मॅसिंगहॅम व दुसरा त्याचा जुना सहनट रसेल वॉटर्स, अखेर जीव देण्यास समुद्रावर जातात. तेंहि साधत नाहीं. आणि त्या नामुष्कीनें दोघांस हंसूं फुटतें. यांत रुमाल नाहीं, पाण्याची रेघ नाहीं, कोणताच उपदेश नाहीं. ज्या सरकारच्या राज्यांत लोक इतके कंटाळले त्याच सरकारानें स्वतःच्या पैशानें त्या कंटाळ्याचें चित्र काढिलें. वर्तमानपत्रांनीं झोड उठविली. हा खर्च कशासाठीं, अशी विचारणा पार्लमेंटापर्यंत गेली. टीकाकारांस उपयुक्त चित्र पाहिजे होतें, आणि त्यांच्या हिशेबानें तें निरुपयोगी होतें खरें. परंतु १९४७ च्या भयंकर हिंवाळ्यानंतर, कोळशावांचून थिजलेल्या त्या देशाची मनःस्थिति कशी होती हें कोणत्याहि सरकारी अहवालापेक्षां या दहा-बारा मिनिटांत अधिक स्पष्ट दिसतें. अहवाल लिहिणारा आपली निराशा दडवितो. विनोद करणाऱ्यास ती आधीं कबूल करावी लागते. आमच्या स्नेह्यांच्या शेऱ्यास आमचें उत्तर हेंच.

१९५१ सालीं सरकार बदललें. १९५२ सालीं क्राउन फिल्म युनिट ही सरकारी चित्रपटसंस्था खर्चाच्या कारणानें मोडली. पुढच्याच वर्षीं मॅसिंगहॅम वारला. लघुपट थांबले नाहींत, ते दूरचित्रवाणीवर गेले. त्यांपैकीं १९६६ च्या एका चित्राची कथा पाठचिकित्सकांसाठीं येथें देतों. रेजिनाल्ड मोलहजबंड हा गांवांतील सर्वांत वाईट मोटार उभी करणारा गृहस्थ. मोटार मागें घेऊन दोन गाड्यांच्या मध्यें नीट कशी लावावी हें तो अखेरीस शिकतो, असा विषय. भूमिका इयन गार्डहाउस याची. मूळ चित्र पुढें गहाळ झालें. २००६ सालीं सेंट्रल ऑफिसास साठ वर्षें झालीं, तेव्हां त्याचा शोध निघाला; मूळ मिळालें नाहीं, तेव्हां लहानपणीं पाहिलेल्या प्रेक्षकांच्या स्मरणांतून निवेदनाची संहिता जुळवून घेतली, आणि त्याच नटाकडून, चाळीस वर्षांनंतर, चित्र पुन्हां करविलें. मूळ प्रत नष्ट, पाठ मुखोद्गत, आणि पुनर्लेखन मूळ पाठकाच्या हस्तें! वैदिकांच्या घरीं जें घडे तें मोटार लावण्याच्या उपदेशाबाबत घडलें. चित्र टाकाऊ म्हणून गहाळ होऊं दिलें सरकारानें. जतन केलें तें हंसलेल्या मुलांनीं. सेंट्रल ऑफिस स्वतः २०१२ सालीं बंद झालें.

चित्रफितीच्या नाशाविषयीं एक सूचना. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रगृहांतील फीत नायट्रेटची असे. ती कालांतरानें चिकट होते, तिची भुकटी होते, आणि ती अत्यंत ज्वालाग्राही आहे. कसर लागलेल्या कागदासारखी ती फडताळांत ठेवून चालत नाहीं. कोणाच्या वाड्यांत जुन्या फिरत्या सिनेमाचे डबे असतील तर ते घरीं उघडूं नयेत, उन्हांत ठेवूं नयेत, दिव्याजवळ तर नेऊंच नयेत, जाणकारांस दाखवावे. आणि १९४३ ते १९५० मधील मुंबई, पुणें, कोल्हापूर, सोलापूर येथील चित्रगृहांचीं हस्तपत्रकें, सरकारी लघुपट दाखविल्याच्या नोंदवह्या, दंडाच्या नोटिसा असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं मंडळाच्या चिटणिसांस एक पत्र टाकावें. आम्ही स्वतः येऊन पाहूं. जाण्यायेण्याचा खर्च आमचा.